रोजच्याच दिवसात ताण हलका कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील बहुतेक घरांत सकाळचा तासभर केवळ स्वतःसाठी बाजूला काढणे जमत नाही. कुणाला उद्यमबागेतील कारखान्यात पहिली पाळी गाठायची असते, कुणाचा वडगाव-खासबागेतला माग सकाळीच सुरू होतो, तर कुणाला धार काढून दूध डेअरीला पोहोचवायचे असते. म्हणून ताण कमी करण्यासाठी वेगळा दिनक्रम आखण्यापेक्षा, जे काम आपण रोज करतोच त्याला एकेक सवय जोडत जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पुढील पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्याव्यात, आणि एक सवय अंगवळणी पडेपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार आठवडे, दुसरीला हात घालू नये.

पहिली पायरी: उठण्याची वेळ ठरवावी

झोप किती वाजता लागेल हे आपल्या हाती नसते, पण किती वाजता उठायचे हे असते. रविवार असो वा सणाचा दुसरा दिवस, उठण्याची वेळ एकच ठेवावी आणि उठल्यावर थोड्याच वेळात अंगणात किंवा गच्चीवर उजेडात जावे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीरातील घड्याळ जुळते आणि त्या हिशेबाने रात्री झोप येऊ लागते. सडा घालणे, तुळशीला पाणी घालणे ही कामे त्यासाठी पुरेशी आहेत. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. ती सतत अपुरी राहिली तर चिडचिड वाढते, भूक बिघडते आणि रक्तदाबही वाढू शकतो.

रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी येताच खोलीत दाट पडदे लावून झोपावे आणि पाळी चालू असेपर्यंत झोपेचे तास रोज तेच ठेवावेत. अशा माणसाच्या दिवसाच्या झोपेला घरातल्यांनी रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा, कारण दर तासाला हाक मारून उठवलेला माणूस आठ तास अंथरुणात असूनही थकलेलाच राहतो.

दुसरी पायरी: शेवटचा चहा चारच्या आत घ्यावा

आपल्याकडे संध्याकाळी पाच-सहाचा चहा चुकत नाही, आणि पाहुणा आला की सातलाही होतो. चहातील कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा परिणाम रात्री अकरालाही शिल्लक असतो. नंतर काही हवेच असेल तर ताक किंवा नाचणीची आंबील घ्यावी. पाहुण्याला चहा देताना आपणही घेतलाच पाहिजे असे नाही. हे घरात एकदा मोकळेपणाने सांगून ठेवावे. मोबाइल मात्र झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा, यात सवलत देऊ नये.

तिसरी पायरी: दिवेलागणीला श्वास लांबवावा

मन अस्वस्थ असताना श्वास उथळ आणि जलद होतो. तो जाणीवपूर्वक सावकाश केला, विशेषतः बाहेर सोडताना लांबवला, तर हृदयाची गती मंदावते आणि शरीर विसाव्याकडे वळते. पद्धत सोपी आहे. ताठ पण सैल बसावे, मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. अशा रीतीने मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटे पुरे. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

ज्यांना मोजत बसणे कंटाळवाणे वाटते त्यांनी हरिपाठ म्हणावा. अभंगाचे चरण सलग म्हणताना श्वास आपोआपच लांब सोडला जातो. जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या जवळ येते, असे इटलीतील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले होते. गावातील भजनी मंडळात जाणाऱ्यांना याखेरीज आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी माणसांत बसणेही लाभते, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी ते मला श्वासाइतकेच मोलाचे वाटते.

चौथी पायरी: चालावे, पावसाळ्यातही

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम व्हावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे; म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. बेळगावकरांना टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतील झाडांची सावली आहे, किल्ल्याचा परिसर आहे. खेड्यात शिवाराची वाट आहे. अडचण येते ती जून ते सप्टेंबर. खानापूरकडचा पाऊस चालण्याची सवय मोडून टाकतो आणि ती दसऱ्यापर्यंत परत येत नाही. म्हणून पहिल्या पावसाआधीच पर्यायी जागा ठरवून ठेवावी: देवळाचा सभामंडप, घराची पडवी, किंवा गावच्या तालमीत सूर्यनमस्कार. गुडघेदुखी किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

पाचवी पायरी: काळजी कागदावर उतरवावी

डोक्यात फिरणारी काळजी रात्री मोठी होते. जेवणानंतर एका वहीत तीन ओळी लिहाव्यात: कशाची काळजी आहे, त्यावर उद्या काय करता येईल, आणि ते कुणाला सांगायचे आहे. ज्यावर काहीच करता येण्यासारखे नसेल तेही लिहावे.

आपल्या भागात एक ताण फारसा कुणी बोलून दाखवत नाही. घरी एखादी सरकारी नोटीस किंवा बँकेचे पत्र कन्नडमध्ये येते, मराठी शाळेत शिकलेल्या वडीलधाऱ्यांना ते वाचता येत नाही, आणि मुलगा पुण्याहून येईपर्यंत तो कागद उशाखाली राहतो. असा कागद त्याच दिवशी गल्लीतील कन्नड शिकलेल्या शाळकरी मुलाकडून किंवा शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा आणि त्यातील शेवटची तारीख वहीत मराठीत टिपून ठेवावी. अनेकदा ती साधी पावती निघते. तसे नसले तरी निदान कशाची चिंता करायची हे कळते.

सहावी पायरी: तंबाखू आणि मीठ

निपाणीच्या परिसरात तंबाखूचे पीक पूर्वापार आहे, आणि मिश्री किंवा विडीने डोके शांत होते असा समज घराघरांत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. आधीचे निकोटीन उतरल्यामुळे जी तगमग होते, तीच पुढच्या चिमटीने तेवढ्यापुरती शमते. ताणाचे मूळ कारण तसेच राहते. सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर विनाशुल्क मदत मिळते. मिठाचे प्रमाण माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत असावे, आणि त्यात लोणचे, पापड व खर्डाही मोजावा.

सवयी पुरेशा नसतील तेव्हा

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप व भूक उडाली असेल, किंवा कशातच रस वाटत नसेल, तर ते सवयींवर सोपवून बसू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखणे, दम लागणे हे ताणानेच होते असे गृहीत धरू नये, लगेच तपासून घ्यावे. जगण्याचा कंटाळा आल्याचे कुणी बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच्याशेजारी बसूनच १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही केंद्र सरकारची सेवा विनाशुल्क आहे, रात्रीही चालू असते, आणि कर्नाटकातून फोन केला तरी मराठीत बोलण्याची मागणी करता येते.