कोकणातून केबिन क्रूची तयारी: क्लासची फी भरण्याआधी

विमानात जेवणाचे ट्रे देणं हे केबिन क्रूचं दिसणारं काम. त्यांना ठेवलेलं असतं ते वेळ आल्यावर प्रवाशांना बाहेर काढायला. भारतात दर 50 आसनांमागे किमान एक क्रू हा नियम आहे, म्हणून 186 आसनांच्या विमानात चौघं लागतात. निवड करणारेही याच नजरेने बघतात, आणि ही तयारी गावात राहून होते.

आधी पैशाचं. बारावी पास, वय 18 पूर्ण, उंची बरोबर, एवढ्यावर देशातल्या बहुतेक कंपन्या अर्ज घेतात. वरची मर्यादा साधारण 27. पायलटसारखं लायसन्स इथे नसतं आणि प्रशिक्षण निवडीनंतर कंपनीच देते. डिप्लोमा नाही म्हणून कोणी परत पाठवत नाही, तेव्हा आंब्याची कलमं गहाण ठेवून क्लासची फी भरू नका. ‘सिलेक्शन झालंय, युनिफॉर्मचे पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा.

पासपोर्टची तयारी आजच सुरू करा. काम अडतं ते नावात. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. ‘सावंत’ एका कागदावर डब्ल्यूने, दुसऱ्यावर व्हीने. दहावीचं स्पेलिंग प्रमाण धरून आधी आधार दुरुस्त करा, मग पासपोर्टकडे वळा.

उंची अनवाणी मोजतात. भिंतीला टाच, पाठ, डोकं टेकवा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलने खूण करा. मोजायचं संध्याकाळी, कारण दिवसभरात उंची सेंटीमीटरभर उतरते आणि मुलाखतीत तुमची पाळी दुपारी येऊ शकते. मुलींना देशातल्या कंपन्यांत बहुधा 155 सेंटीमीटर लागते. एमिरेट्सला 160 लागते, वय 21, आणि चवड्यांवर उभं राहून हात 212 सेंटीमीटरपर्यंत पोचावा लागतो. आणीबाणीचं सामान डोक्यावरच्या कप्प्यांतही असतं, म्हणून ही अट. उंचीत एक-दोन सेंटीमीटर कमी पडत असतील तर ताणाच्या व्यायामाने वाढतील या आशेवर वर्ष घालवू नका. युनिफॉर्मबाहेर दिसेल असा टॅटू मात्र गोंदवून घेऊ नका.

मेडिकलआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. उडताना केबिनमधली हवा 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकी विरळ होऊ शकते. रक्त कमी असेल तर अशा हवेत धावपळ करताना चक्कर येते. कुळीथ, पालेभाजी, मासे जेवणात हवेत, सोबत लिंबाची फोड. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. आकडा फारच कमी आला तर डॉक्टरांकडेच जा.

भाषेवर रोज अर्धा तास द्या. इंग्रजीतली घोषणा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. आपली मुलं बहुधा घाईत वाक्याचा शेवट गिळतात, ते तिथे लगेच कळतं. हिंदीचीही परीक्षा असते आणि कोकणात तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. ‘आपको क्या होना?’ नाही, ‘आप क्या लेंगे?’. मालवणी हेल राहिला तरी चालेल, शब्द स्पष्ट हवेत. गटचर्चेत दुसऱ्याचं बोलणं तोडणारा हमखास बाद होतो. ‘जग फिरायचंय’ हे उत्तर त्या दिवशी शंभर जण देतात. आजारी माणसाला सांभाळलं असेल, जत्रेत गर्दी आवरली असेल तर ते सांगा.

प्रशिक्षणात पाण्यातला सराव असतो. विहिरीत, खाडीत पोहणाऱ्यांना भीती नसते, पण लाइफ जॅकेट घातल्यावर नेहमीचे हात मारता येत नाहीत. उताणं तरंगत पाय मारायचे आणि हाताने दुसऱ्याला ओढायचं, हे आत्ताच शिका. जॅकेट विमानाबाहेर पडतानाच फुगवायचं. 1996 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोमोरोसजवळ समुद्रात पडलं, तेव्हा अनेकांनी ते आतच फुगवलं होतं. पाणी भरलं तसे ते छताला जाऊन टेकले, खाली बुडी मारून दारापर्यंत जाता येईना. प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा घोकून घेतात ते याचसाठी. आग विझवणं, दार उघडणं, प्रथमोपचार हेही असतंच. सीपीआरला, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला वाचवताना, छातीवर 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 दाबांची गती.

मुंबईत मुलाखत असेल तर आदल्या दिवशी पोचा. तुतारी किंवा कोकणकन्या पहाटे उतरवते खरी, पण पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी असतो, त्यात दरड आली की दिवस गेला. कपडे इस्त्री करून वेगळे न्या, बूट आठवडाभर घालून मऊ करा. मूळ कागदपत्रं सामानाच्या बॅगेत ठेवू नका, पिशवीत घालून अंगाजवळ ठेवा.