उंदरांना आमिष टाकताय? आधी त्यांचा वासाचा कारभार समजून घ्या

पीक अजून लहान आहे, रानात उंदराला खायला फारसं काही नाहीये, तोवरच बंदोबस्त उरकून घ्या. एकदा दाणा भरायला लागला की तुमच्या आमिषाला कोण विचारतंय, आणि मादी जेमतेम 3 आठवड्यांत विते, म्हणजे उशीर केला की पुढची फौज हजर.

उंदराचं सगळं नाकावर चालतं. जाता जाता मुताचे थेंब टाकतो आणि त्यावरून दुसऱ्याला कळतं नर आहे का मादी, ओळखीचा आहे का परका, माजावर आहे का. घरउंदराच्या मुतात एक प्रकारचं प्रोटीन असतं, ते वास धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, म्हणून खूण लवकर जात नाही. त्यामुळे ही मंडळी ठरलेल्या वाटेनेच फिरतात, बांधाच्या कडेने, भिंतीला लागून. आमिष आणि सापळा तिथेच ठेवा, रानाच्या मधोमध टाकून काही होत नाही.

आता "एक मेला की बाकीच्यांना खबर लागते" असं सगळेच म्हणतात, पण ते तसं नाहीये. उंदीर दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेतो, त्याच्या श्वासात कार्बन डायसल्फाइड नावाचा वायू असतो, आणि त्याच्यासोबत जो खाण्याचा वास येतो तो याला खात्रीचा वाटतो, मग हाही तेच खायला जातो. घोळ होतो तो वेगळाच. नवीन खाणं उंदीर आधी थोडंसंच चाखतो, झिंक फॉस्फाईड या उंदराच्या विषाने लगेच त्रास सुरू होतो, त्यातून वाचला तर तो स्वतः त्या आमिषाला परत तोंड लावत नाही.

म्हणून आधी 2-3 दिवस बिनविषारी धान्य टाका, खाऊ द्या पोटभर, त्यांच्या तोंडाच्या वासानेच तुमची जाहिरात होते, आणि मग त्याच धान्यात झिंक फॉस्फाईड, लेबलवर दिलंय तेवढंच. ब्रोमॅडिओलोन हे दुसरं विष काही दिवसांनी मारतं, त्यामुळे कशाने झालं हे उंदराला कळतच नाही, तिथे ही खटपट लागत नाही. आमिष टाकायच्या आदल्या संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं.

सापळ्याला आधीच्या उंदराचा वास राहिला तर घासून काढायची घाई नको, बरेचदा त्या वासानेच दुसरा येतो. हातमोजे मात्र घालाच, मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो.

मांजराच्या, कोल्ह्याच्या मुताचा वास असलेली औषधं विकतात, त्यावर पैसे घालवू नका असं माझं मत, सुरुवातीला बिचकतात मग सरावतात. आणि तो उग्र वास मारणारी लांब नाकाची चिचुंद्री दिसली तर सोडून द्या, ती उंदीर नाहीच, किडे खाते.