पायथनचा कन्सोल आपल्या सोयीचा कसा करावा

पायथनच्या कन्सोलमध्ये आपण ओळ लिहितो, एंटर मारतो आणि उत्तर येतं. तेवढ्या वेळात चार कामं होतात. ओळ वाचली जाते, विधान पूर्ण झालं की अजून ओळी यायच्यात हे ठरतं, कोड चालतो आणि शेवटी निकाल छापला जातो. चारही ठिकाणी आपल्याला बदल करता येतो. मात्र नेमकं काय खटकतंय ते आधी ठरवा. फक्त छपाई आवडत नसेल, तर ओळ वाचणाऱ्या कोडला हात लावायची गरज नाही.

सुरुवात एका छोट्या फाइलने करा. साधी पायथन फाइल तयार करा आणि तिचा पूर्ण पत्ता ‘पायथनस्टार्टअप’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टममध्ये नावाने ठेवलेल्या सेटिंगमध्ये, द्या (नाव सलग, सगळी कॅपिटल अक्षरं). कन्सोल उघडला की पहिल्या प्रॉम्प्टच्या (ओळ लिहायच्या जागेआधी दिसणाऱ्या खुणेच्या) आधी ही फाइल चालते; एखादी स्क्रिप्ट नुसती चालवली तर चालत नाही. नेहमी लागणारे इम्पोर्ट इथे टाका. प्रॉम्प्ट बदलायचा असेल तर ‘सिस’ मॉड्यूलमधल्या ‘पीएस१’ (नेहमीचे तीन बाण) आणि ‘पीएस२’ला (विधान अपुरं असताना येणारी तीन टिंबं) हवी ती स्ट्रिंग द्या. या फाइलमधली सगळी नावं थेट कन्सोलमध्ये उतरतात, त्यामुळे कामापुरती घेतलेली व्हेरिएबल्स शेवटी ‘डेल’ने काढून टाका.

निकालाची छपाई ‘सिस’मधलं ‘डिस्प्लेहुक’ हे फंक्शन करतं. त्याच्या जागी आपलं फंक्शन ठेवता येतं. आलेली किंमत डिक्शनरी किंवा लिस्ट असेल तर ‘पीप्रिंट’ने नीट मांडून छापा आणि ती ‘बिल्टिन्स’ मॉड्यूलमध्ये अंडरस्कोर या नावाने ठेवा. ते ठेवायचं विसरलात, तर अंडरस्कोर टाइप केल्यावर आधीचा निकाल मिळायचा बंद होतो. बाकी सगळ्या किमती मूळ फंक्शनकडे सोपवा. ते ‘सिस’मध्येच, नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावून, जपून ठेवलेलं असतं. ‘नन’ आल्यावर गप्प राहायचं हे त्याला ठाऊक आहे.

खरी मजा ओळ चालण्याआधीच बदलण्यात आहे. समजा, प्रश्नचिन्ह लावून नाव लिहिलं की त्याची मदत दिसावी असं हवंय. त्यासाठी ‘कोड’ मॉड्यूलमधल्या ‘इंटरॅक्टिव्हकन्सोल’ या क्लासचा सबक्लास लिहा आणि त्यात ‘पुश’ ही मेथड नव्याने लिहा. प्रत्येक ओळ तिच्यातूनच पुढे जाते. ओळ प्रश्नचिन्हाने सुरू होत असेल तर ते काढा, उरलेलं नाव ‘हेल्प’च्या कंसात घाला आणि ही नवी ओळ मूळ ‘पुश’ला द्या. मदत स्वतः छापायच्या भानगडीत पडू नका. ओळ बदलून पुढे ढकलली की चुकीच्या नावाची एरर नेहमीसारखीच दिसते.

इथे दोन खाचा आहेत. एक, बदल करण्यापूर्वी ‘बफर’ रिकामा आहे का ते तपासा. बफरमध्ये अर्धवट विधानाच्या ओळी साठतात. तिहेरी अवतरणातल्या मजकुराची एखादी ओळ प्रश्नचिन्हाने सुरू झाली, तर ती तुमची आज्ञा नव्हे. प्रश्नचिन्हाऐवजी टक्केचिन्ह निवडलं असेल तर धोका आणखी मोठा, कारण अपुऱ्या कंसातल्या पुढच्या ओळीवर ते बाकी काढण्याचं चिन्ह म्हणून अगदी वैध असतं.

दुसरी, मूळ ‘पुश’ जे परत देते ते तुम्हीही ‘रिटर्न’ करा. अजून ओळी हव्या असतील तर ती ‘ट्रू’ देते, आणि त्यावरूनच पुढचा प्रॉम्प्ट ठरतो. ‘रिटर्न’ विसरलात तर फंक्शनची पहिली ओळ लिहिल्यावर तीन टिंबांऐवजी पुन्हा तीन बाण येतात. कन्सोल आतून पुढच्या ओळीची वाटच पाहत असतो, पण तुम्हाला वाटतं की विधान संपलं. मेथडला जादा आर्ग्युमेंट आलीच तर तीही गोळा करून तशीच पुढे पाठवा.

मग क्लासचा ऑब्जेक्ट बनवून ‘इंटरॅक्ट’ बोलवा. त्याआधी ‘रीडलाइन’ इम्पोर्ट करा. लिनक्सवर ते नसेल तर वरचा बाण दाबल्यावर आधीची आज्ञा येण्याऐवजी विचित्र अक्षरं उमटतात. विंडोजच्या पायथनसोबत हे मॉड्यूल येत नाही, म्हणून तो इम्पोर्ट ‘ट्राय’मध्ये ठेवा. चाचणी घेताना प्रश्नचिन्हाची ओळ, चार ओळींचं फंक्शन आणि तिहेरी अवतरणातला मजकूर, तिन्ही टाइप करून पाहा.

याची एक किंमत आहे. पायथन ३.१३ मध्ये, २०२४ साली, आलेल्या नव्या कन्सोलमध्ये अनेक ओळी एकत्र संपादित करता येतात. हा क्लास मात्र साध्या ‘इनपुट’वर चालतो, त्यामुळे ती सोय इथे मिळत नाही. तिच्याशिवाय अडत असेल तर माझं मत आयपायथन या पायथनच्याच वेगळ्या, जास्त सोयींच्या कन्सोलला. प्रश्नचिन्हाची मदत त्यात तयारच असते. स्वतःचे बदल करायचे तर आवृत्ती ७ पासून ‘इनपुट ट्रान्सफॉर्मर्स क्लीनअप’ नावाची लिस्ट आहे. तिच्यात आपलं फंक्शन जोडा. त्याला एकेक ओळ येत नाही, ओळींची पूर्ण लिस्ट येते आणि लिस्टच परत द्यावी लागते. तेव्हा आज्ञा पहिल्या ओळीतच शोधा, आणि बदललेल्या ओळीच्या शेवटी न्यूलाइन ठेवायला विसरू नका.