डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे : माझा अनुभव

घरच्या संगणकातील १ टीबीच्या हार्ड डिस्कचे मी सी आणि डी असे दोन भाग केले होते आणि सीवरील फोटो डीवर उतरवून ठेवले की ते सुरक्षित झाले, अशी माझी समजूत होती. एके सकाळी डिस्कमधून टक्‌टक् आवाज येऊ लागला, आणि दोन्ही भाग मुळात एकाच डिस्कवर असल्याने दोन्ही एकदमच दिसेनासे झाले. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) सुरू करून डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा वाचवणाऱ्या साधनाने बराचसा डेटा नव्या डिस्कवर ओढला. तरी काही फोटो अर्धे करडेच उघडतात.

आता विंडोजच्या भागाची क्लोनझिला या मोफत साधनाने दर तीन महिन्यांनी प्रतिमा (इमेज, म्हणजे त्या संपूर्ण भागाची जशीच्या तशी प्रत) घेतो, तर फोटो व कागदपत्रे दर रविवारी बाह्य डिस्कवर साध्या फाइलींच्या रूपात उतरवतो, कारण एका फोटोसाठी संपूर्ण प्रतिमा उलगडत बसणे मला परवडत नाही. काम होताच केबल काढतो. जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्याही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामच्याही) हाती लागते. दुसरी प्रत बहिणीकडे असते.

प्रतिमा परत उतरवून पाहिली, तेव्हा एक अडचण कळली : मूळ डिस्कपेक्षा लहान एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क) क्लोनझिला सहसा स्वीकारत नाही. म्हणून सुटी डिस्क मुद्दाम १ टीबीचीच घेतली.