‘अब्‌हॉर’ हे इंग्रजी क्रियापद नेमकं कसं वापरावं

शब्दकोशात ‘अब्‌हॉर’समोर बहुतेक वेळा ‘तीव्र द्वेष करणे’ एवढंच लिहिलेलं असतं. अर्थ चुकीचा नाही, पण तेवढ्यावर वाक्य लिहायला बसलं की गाडी हमखास घसरते. कारण द्वेष करणारा माणूस समोरच्याचं वाईट चिंततो, आणि ‘अब्‌हॉर’ करणारा माणूस शहारून मागे सरकतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

१. आधी उच्चार पक्का करा

स्पेलिंग आहे ए, बी, एच, ओ, आर. रोमन लिपीत मराठी नावं वाचायची सवय असल्यामुळे बी-एच दिसलं की आपण ‘भ’ म्हणतो आणि शब्दाचा ‘अभोर’ होतो. इथे ‘भ’ नाही. ‘ब’चा पाय मोडायचा, मग ‘ह’ वेगळा उच्चारायचा: अब्‌-हॉर. जोर ‘हॉर’वर. ब्रिटिश उच्चारात शेवटचा ‘र’ जवळपास ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात स्पष्ट येतो.

२. मुळाशी जा, म्हणजे अर्थ विसरणार नाही

हा शब्द लॅटिनमधून आला. ‘अब’ म्हणजे दूर, आणि ‘होरेरे’ म्हणजे अंगावर काटा येणं, थरथरणं. ‘हॉरर’ आणि ‘हॉरिबल’ ही त्याचीच भावंडं. आपल्या ‘रोमहर्षक’ शब्दातला ‘हर्ष’ ज्या संस्कृत ‘हृष्’ धातूवरून आला, तो आणि हा लॅटिन धातू एकाच प्राचीन मुळाचे मानले जातात. दोन्हीकडे केस उभे राहतात; आपल्याकडे ते आनंदाने किंवा थराराने, तिकडे भीतीने आणि किळसेने.

म्हणून ‘अब्‌हॉर’ला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द शोधायचा तर मी ‘द्वेष’ नाही, ‘शिसारी’ किंवा ‘घृणा’ निवडेन. ‘तिटकारा’ही बरेचदा चालतो.

३. कशाबद्दल वापरायचा ते ठरवा

पहाटे वाजणारा गजर नकोसा वाटतो, तिथे ‘हेट’ पुरे. ‘अब्‌हॉर’ हा औपचारिक, वजनदार शब्द आहे आणि त्यात बहुधा नैतिक नकार असतो. हिंसा, छळ, गुलामगिरी, वंशभेद, ढोंग अशा गोष्टींपुढे तो शोभतो. माणसाबद्दल वापरता येतो, पण माणसापेक्षा त्याच्या कृत्याबद्दल किंवा विचाराबद्दल जास्त दिसतो.

शेजारचे शब्दही लक्षात असू द्या. ‘डिस्पाइज’चं लॅटिन मूळ ‘खाली पाहणं’, म्हणून त्यात तुच्छ लेखणं आहे. ‘लोद’मध्ये किळस आहे आणि तो बोलण्यात अधिक सहज येतो. ‘डिटेस्ट’ म्हणजे मनापासून तिटकारा.

४. वाक्यरचना: खरी अडचण इथेच

मराठीत आपण म्हणतो, ‘मला क्रौर्याची घृणा वाटते.’ इथे ‘मला’ आहे, ‘क्रौर्याची’ आहे, ‘वाटते’ आहे. हीच चौकट मनात धरून लिहिलं की वाक्य होतं: ‘आय ॲम अब्‌हॉरिंग ऑफ क्रुएल्टी.’ यात दोन चुका आहेत. एक, ‘ची’साठी घातलेला ‘ऑफ’. या क्रियापदाला थेट कर्म लागतं. दुसरी, चालू काळ. हे मनाची स्थिती सांगणारं क्रियापद असल्यामुळे साधा काळच वापरतात. बरोबर वाक्य अगदी सुटसुटीत आहे: ‘आय अब्‌हॉर क्रुएल्टी.’ कर्ता ‘ती’ असेल तर ‘शी अब्‌हॉर्ज क्रुएल्टी.’

कर्माच्या जागी क्रिया हवी असेल तर आय-एन-जी लावलेलं रूप घ्या: ‘आय अब्‌हॉर हर्टिंग ॲनिमल्स.’ तिथे ‘टू हर्ट’ लिहू नका. आणि जोर द्यायला ‘खूप’ म्हणून मागे ‘व्हेरी’ जोडू नका. द्यायचाच असेल तर ‘अटर्ली’ द्या. खरं तर या शब्दाला जोराची गरज क्वचितच पडते.

मराठी चौकट सोडवत नसेल तर विशेषण मदतीला येतं: ‘क्रुएल्टी इज अब्‌हॉरंट टू मी.’ इथे ‘टू मी’ म्हणजे सरळ आपलं ‘मला’. आणि तो ‘ऑफ’ नामाबरोबर मात्र बिनचूक बसतो: ‘अब्‌हॉरन्स ऑफ व्हायलन्स’, हिंसेची घृणा.

५. स्पेलिंगमध्ये ‘आर’ मोजा

अब्‌हॉर्ड, अब्‌हॉरिंग, अब्‌हॉरंट, अब्‌हॉरन्स या सगळ्यांत दोन ‘आर’, ‘अब्‌हॉर्ज’मध्ये एकच. जोर शेवटच्या अवयवावर असल्याने ‘आर’ दुपटतो. ‘प्रिफर्ड’मध्ये म्हणूनच दोन आहेत आणि ‘ऑफर्ड’मध्ये एक.

६. एक वाक्य पाठच करा

‘नेचर अब्‌हॉर्ज अ व्हॅक्यूम.’ निसर्गाला पोकळीचं वावडं आहे. पोकळी असूच शकत नाही, हा विचार ॲरिस्टॉटलपर्यंत मागे जातो. 1643 च्या सुमारास इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीच्या प्रयोगात, वरच्या टोकाला बंद असलेल्या काचनळीतला पारा सुमारे 76 सेंटीमीटरवर थांबला आणि वर रिकामी जागा उरली. पारा तोलून धरत होता तो बाहेरच्या हवेचा दाब. निसर्गाच्या तिटकाऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. वाक्य मात्र टिकलं. अधिकाराची जागा रिकामी झाली आणि लगेच कुणीतरी ती बळकावली, की इंग्रजीत आजही तेच म्हणतात. मराठीत आणताना तिथे ‘द्वेष करतो’ लिहून पाहा, वाक्य लगेच खटकेल. ‘वावडं’ किंवा ‘सहन होत नाही’ लिहिलंत की ते जागेवर बसतं.