सिरिंज चुकायची, ती कशी थांबवली

मी घरूनच वैद्यकीय साहित्याच्या ऑर्डरचे फोन घेते. सुरुवातीला एकच तक्रार सारखी यायची: इन्सुलिनची सिरिंज चुकीची आली. यू-४० हवी असताना यू-१०० जायची, नाहीतर उलट.

आधी हेडफोनला दोष दिला, नवा घेतलाही. फरक शून्य. मग स्वतःचेच रेकॉर्ड झालेले कॉल ऐकले. मी विचारत होते, "एक मिलीचीच ना?" समोरून "हो." अहो, दोन्ही एक मिलीत मिळतात! यू-४० म्हणजे मिलीत ४० युनिट, यू-१०० म्हणजे १००. यू-१०० इन्सुलिन यू-४० सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं, तर २०ऐवजी ५० युनिट अंगात जातात. हे गणित मांडलं आणि हातपाय गार पडले.

आता हो-नाहीचा प्रश्नच नाही. "बाटली हातात घ्या, लेबलवर यूच्या पुढचा आकडा वाचा. आता जुन्या सिरिंजवरचा." आजींना चष्मा सापडेपर्यंत कॉल लांबतो, सुपरवायझर कुरकुरतात. कुरकुरू देत. आकडे जुळले नाहीत तर ऑर्डर थांबवते आणि आधी डॉक्टरांना विचारा म्हणते. सिरिंजच्या टोपणाचा रंग विचारून पाहिला होता (यू-४०चं लाल, यू-१००चं केशरी), पण लाल आणि केशरी फोनवर सारखेच.

गेल्या महिन्यात अशी एकही सिरिंज परत आली नाही.