क्लच प्लेट लवकर जाते? या चुका टाळा

गोव्याहून चोरला घाटाने परत येताना केरीपासून चढ लागतो. पुढे एखादा ट्रक अडकला की मागे रांग लागते, आणि रांगेतले कितीतरी जण ब्रेक न दाबता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धंच दाबून, गाडी धरून उभे असतात. कणकुंबी येईपर्यंत करपट वास सुटतो. मग सोमवारी सकाळी बेळगावात आमच्या गॅरेजमध्ये तक्रार येते, "गाडी उचलत नाही."

खानापूरच्या एका काकांची गाडी अशीच आली. गियरबॉक्स उतरवून प्लेट काढली, तर अस्तर पार झिजून रिव्हेटची डोकी उघडी पडलेली, फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, निळे-काळे चट्टे. "अजून 40 हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत की रे," काका म्हणाले. नीट वापरलेली प्लेट लाखाच्या पुढे गेलेली मी पाहिली आहे. हाफ क्लचवर मात्र फ्लायव्हील एका वेगाने फिरतं, प्लेट दुसऱ्या, आणि त्या घासण्यात अस्तर जळतं. म्हणून चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. निघताना पहिला टाका, क्लच हळूहळू सोडा, गाडी ओढ घेतेय असं वाटलं की मगच हँडब्रेक खाली करा. पाचसहा वेळा सराव केला की जमतं.

दुसरी सवय म्हणजे चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवणं. पाय नुसता ठेवला तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड सैल होते आणि ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग विनाकारण झिजतं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटला पहिला टाकून क्लच दाबून उभं राहणंही तसंच. गेट पडलं की न्यूट्रल.

हंगामात उसाची भरलेली ट्रॉली वरच्या गियरवर उचलू नका. कितीही घाई असली तरी नाही.

केबलवर चालणाऱ्या क्लचच्या गाडीत पेडलला थोडा मोकळा प्ले, म्हणजे क्लच सुटायला लागण्याआधीची ढिली हालचाल, लागतो. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. प्लेट झिजते तसा तो कमी होतो, आणि प्ले संपला की क्लच स्लिप व्हायला, म्हणजे घसरायला लागतो. उलट प्ले जास्त झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना खरखर होते. हायड्रॉलिक क्लचचं पेडल खाली बसत असेल तर नुसतं ऑइल ओतून भागवू नका, गळती शोधा.

बाइकवाल्यांनी कारचं इंजिन ऑइल घालू नये. बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि कारच्या काही ऑइलमधल्या निसरड्या घटकांमुळे प्लेटा घसरतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' हे अशा बाइकच्या ऑइलचं मानक बघून घ्या.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नसेल, तर प्लेट स्लिप होतेय. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग.

कामाला गाडी दिलीत तर फक्त प्लेट बदलून पैसे वाचवू नका. गियरबॉक्स उतरवायची मजुरी तेवढीच पडते, तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदम घाला. इंजिनचं मागचं ऑइल सीलही समोर उभं राहून बघून घ्या. ते गळत असेल तर नवी प्लेटही ऑइलने माखून स्लिप होईल. आणि नवा सेट बसवल्यावर पहिले 500 किलोमीटर गाडीवर जड ओझं लादू नका.